गोळ्या मोजून घेता, तपासून का घेत नाही?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सरकारी दवाखान्यातून दिली जाणारी औषधं रुग्णाच्या हाती पडण्याआधी तपासण्याबाबत.

महोदय,

गेल्या महिन्यात शेजारची सून हातात गोळ्यांची पट्टी घेऊन माझ्या ओट्यावर आली. सासऱ्यांना लघवीला जळजळ आणि ताप होता. सरकारी दवाखान्यातून सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक मिळालं होतं, दहा गोळ्या, पाच दिवसांच्या. मला वाटलं, जेवणाआधी की जेवणानंतर एवढं विचारायला आली असेल. तिनं पट्टी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मावशी, या खऱ्या आहेत ना?"

मी ग्रामीण रुग्णालयात 33 वर्षं औषध निर्माण अधिकारी, म्हणजे औषधाच्या खिडकीवरची फार्मासिस्ट, होते. त्या खिडकीतून लोकांनी मला हजार गोष्टी विचारल्या. दुधासोबत चालते का, अर्धी करून देऊ का, पोटुशी बाईला चालेल का, एक वेळ राहिली तर काय करायचं. गोळी खरी आहे का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. सरकारी खिडकीतून आलेली गोळी खरीच असणार, हे आम्ही आणि लोकांनी दोघांनीही गृहीत धरलं होतं.

मी पट्टी उलटीपालटी करून पाहिली. औषधाचं नाव होतं, बॅच नंबर होता, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख होती, शासकीय पुरवठा, विक्रीसाठी नाही, हेही छापलेलं होतं. सगळं वाचता येत होतं. तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणून हे पत्र तुम्हा तिघांना, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड्यावर.

त्या सुनेच्या डोक्यात ही शंका कुठून आली, ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याच नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून 2023 साली याच औषधाचा, सिप्रोफ्लॉक्सासिनचा, नमुना घेतला गेला. अहवाल यायला त्या वर्षाची अखेर उजाडली. गोळीत सिप्रोफ्लॉक्सासिन नव्हतंच. पाकिटावर जिचं नाव होतं ती कंपनीही अस्तित्वात नव्हती. पुढे 2024 च्या सप्टेंबरात पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं, त्यात आलं की टाल्कम पावडर आणि स्टार्च एकत्र करून या गोळ्या पाडल्या होत्या, त्याही हरिद्वारमध्ये जनावरांची औषधं बनवणाऱ्या ठिकाणी. महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांच्या सरकारी दवाखान्यांत हा माल गेला होता. त्या प्रकरणाची धूळ बसली नाही तोच 2024 च्या डिसेंबरात अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या बनावट गोळ्यांचा गुन्हा दाखल झाला.

या गोळ्या कुणी फुटपाथवरून आणल्या नव्हत्या. निविदा निघाली, कागदपत्रं तपासली गेली, पुरवठा आदेश निघाला, माल उतरला, खोकी मोजली, नोंद झाली, बिल निघालं. सरकारी तिजोरीतून पैसे गेले आणि त्या पैशाची पावडर आली.

माल उतरतो तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला आहे. टेम्पो आवारात लागतो. शिपाई खोकी उतरवतो. आपण चलनाशी खोकी ताडून बघायची, एखादं फोडून पट्ट्या मोजायच्या, बॅच नंबर आणि मुदत साठा नोंदवहीत आणि ई-औषधी या सरकारी संगणक प्रणालीवर चढवायची, सही करायची. पुरवठादारानं चाचणी अहवालाचा कागद जोडलेला असतो, तो फाइलला लावायचा. दहा गोळ्या कमी भरल्या तर त्याचा खुलासा मला द्यावा लागायचा, लेखापरीक्षणात परिच्छेद निघायचा. पण गोळीच्या आत काय आहे, हे त्या दिवशी विचारणारं कुणी नव्हतं. जो माल विकतो त्यानंच दिलेला कागद, त्यावर आम्ही विश्वास ठेवायचा आणि त्यावर रुग्णानं.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं माझ्यासारखीच हतबल होती.

एक शेतकरी होते, साठीच्या आसपासचे. कपाशीच्या पऱ्हाटीची काडी पायात घुसली आणि जखम चिघळली. डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहिलं, मी दिलं. पाच दिवसांनी पुन्हा आले, पाय जास्त सुजलेला. पुन्हा तेच औषध दिलं, डोस वाढवून. मी जरा रागावूनच विचारलं, गोळ्या वेळेवर घेतल्या का? ते म्हणाले, "बाई, सांगतल्यापरमानं सम्द्या गोया खाल्ल्या जी." खिशातून रिकाम्या पट्ट्या काढून खिडकीत ठेवल्या. एकही गोळी शिल्लक नव्हती. तिसऱ्यांदा आले ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून.

त्या दुपारी मी त्याच बॅचची एक गोळी पाण्याच्या ग्लासात टाकली. चांगली गोळी अर्ध्या तासात फुटून विरघळायला हवी. ती संध्याकाळी खिडकी बंद करेपर्यंत तशीच तळाशी पडून होती, खड्यासारखी. दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला, वैद्यकीय अधीक्षकांमार्फत वर पाठवला. नमुना गेला. सात महिन्यांनी पत्र आलं : सदर बॅच अप्रमाणित आढळली आहे, वापर तात्काळ थांबवावा व शिल्लक साठा कळवावा.

मी उत्तर लिहिलं : शिल्लक निरंक. ती बॅच कधीच संपली होती. लोकांच्या पोटात गेली होती, माझ्या हातून.

त्या शेतकऱ्याला नागपूरला पाठवावं लागलं, तिथे त्याचा पाय घोट्याच्या वर कापला. गोळीमुळेच गेला असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्याला साखरेचा त्रास होता, जखम जुनी होती. पण गोळी चांगली असती तर वाचला असता का, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. आणि तो प्रश्न घेऊन त्याच्या घरी जा, त्याला सांगा की तुम्हाला दिलेलं औषध नापास झालं आहे, असा आदेश मला कुणी दिला नाही. मीही गेले नाही. याची मला आजही लाज वाटते.

बनावट प्रतिजैविकाचं हेच सगळ्यात वाईट आहे. त्याचा माग राहत नाही. टाल्कम पावडरनं माणूस मरत नाही, तो त्याच्या आजारानं मरतो, आणि केसपेपरवर आजाराचंच नाव लागतं. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्यात बनावट औषधानं जीव गेला तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण मृत्यूचा धागा गोळीशी जोडायचा कसा, कुणी जोडायचा? जो वाचतो त्याचंही नुकसान होतं. पहिल्या गोळीनं गुण येत नाही म्हणून डॉक्टर दुसरी, जास्त जोरकस लिहितात. जी औषधं शेवटची म्हणून राखून ठेवायची, ती साध्या जखमेवर खर्ची पडतात.

आता तुमच्यापुढे माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार वेळेची आहे. शासकीय विश्लेषकानं नमुना हाती आल्यापासून साठ दिवसांत अहवाल द्यावा असं नियम सांगतो. कळमेश्वरचा अहवाल यायला वर्षाची अखेर उजाडली, हे वर आलंच आहे. मनात आणलं तर किती वेळ लागतो, हेही आपण पाहिलं. 2025 च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपनं मुलं दगावल्याचं प्रकरण झालं तेव्हा तामिळनाडूच्या अधिकाऱ्यांनी 1 ऑक्टोबरला कांचीपुरमच्या कारखान्यातून कोल्ड्रिफ सिरपचा नमुना घेतला आणि दुसऱ्या दिवशी अहवाल आला. त्यात 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं विषारी रसायन होतं. चालतं किती, तर 0.1 टक्क्यापर्यंत. मान्य आहे, तो कारखाना त्यांच्याच राज्यात बेफिकीर चालला होता आणि तो दोष त्यांचा आहेच. पण अहवाल एका दिवसात येऊ शकतो हे तरी आता कुणी नाकारू नये.

ती मुलं आमच्या दारातून गेली. परासिया आणि आसपासच्या गावांतून मूत्रपिंड बंद पडलेली लहान लहान पोरं सौंसर, सावनेरच्या रस्त्यानं नागपूरला आणली. त्यातली किती तरी नागपूरच्या दवाखान्यांतच गेली. वीसहून जास्त मुलं, बहुतेक पाच वर्षांखालची. आईबापांनी औषध देताना झाकणानं मोजून दिलं असेल, मी लोकांना शिकवायची तसंच.

दुसरी तक्रार सांगताना मला स्वतःलाच राग आवरत नाही. 2022 साली गॅम्बियात साठहून अधिक मुलं मूत्रपिंड निकामी होऊन गेली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात तयार झालेल्या सिरपांबद्दल इशारा दिला. त्यानंतर केंद्रानं 1 जून 2023 पासून नियम केला की परदेशी पाठवायचं प्रत्येक खोकल्याचं औषध आधी सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचं, प्रमाणपत्र मिळालं तरच जहाजावर चढवायचं. नियम योग्यच होता. पण मग तीच अट आपल्या दुकानांत येणाऱ्या बाटलीला तेव्हाच का लावली नाही? इथे कारखानदारानं स्वतः तपासावं एवढ्यावरच भरवसा ठेवला गेला. गॅम्बियाच्या मुलाचं सिरप तपासायचं आणि परासियाच्या मुलाचं सोडून द्यायचं, हे कोणत्या हिशेबात बसतं? हा नियम केंद्राचा आहे हे मला कळतं. पण राज्य आपल्या हद्दीत, निदान आपण स्वतः खरेदी केलेल्या औषधापुरती तरी ही अट घालू शकतं. त्यासाठी दिल्लीला विचारावं लागत नाही.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून लिहू की आठवण म्हणून, कळत नाही. 1986 साली, माझ्या हातात पदविका नुकतीच आली होती तेव्हा, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तोंडावाटे दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल निघालं आणि 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्या अहवालानं औषध प्रशासनापासून मंत्र्यांच्या दालनापर्यंत सगळं उघडं पाडलं, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना 1988 साली पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी मी नोकरीत रुजू झाले. आम्हा नव्या लोकांना ज्येष्ठ सांगायचे, लेंटिन लक्षात ठेवा, सही करताना लक्षात ठेवा. आज तो अहवाल कुणाच्या टेबलावर आहे? कळमेश्वरनंतर, अंबाजोगाईनंतर कुणा वरच्या खुर्चीला साधा प्रश्न तरी विचारला गेला का? पुरवठादारांवर गुन्हे झाले, ते व्हायलाच हवे होते. पण नसलेल्या कंपनीचा माल कागदोपत्री पास कुणी केला, हे लोकांना अजून सांगितलेलं नाही.

चौथी तक्रार पैशाची. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत, केसपेपरचे पैसेही बंद केलेत. चांगलं केलंत, मनापासून म्हणते. गर्दी वाढली, लोकांचा विश्वास वाढला. मग त्या विश्वासाला धरून औषध तपासायचा खर्चही वाढायला हवा होता. 2024 साली एका योजनेच्या प्रसिद्धीसाठी सुमारे 200 कोटी मंजूर झाले, तेव्हा पैसा नाही हे कारण कुणी दिलं नाही. योजनेला माझा विरोध नाही, माझ्या ओळखीच्या कितीतरी बायांना तिचा आधार झाला आहे. पण त्याच बाया मुलाचा ताप घेऊन औषधाच्या खिडकीत रांगेत उभ्या असतात. लाखो गोळ्यांच्या बॅचमधून तपासायला मूठभर गोळ्या लागतात. तेवढा खर्च सरकारला जड आहे असं मी मानायला तयार नाही.

आणि साठवणीचं काय? माझं औषधभांडार पत्र्याच्या छताखाली होतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, खोक्यावर लिहिलेलं असतं की 30 अंशांखाली ठेवा. मी दुपारी खोक्यांवर हात ठेवला तर चटका बसायचा. ओली पोती टाकून, दारं उघडी ठेवून आम्ही उन्हाळे काढले. चांगली आलेली औषधंही तिथे किती चांगली राहिली असतील, सांगता येत नाही. कूलर मागितला होता. मी निवृत्त झाले तोवर आला नव्हता.

पाचवी, औषध निरीक्षकांच्या रिकाम्या जागांची. त्याबद्दल आजवर इतकं बोलून झालं आहे की मी फक्त नोंद करते. जागा भरा.

आता मागण्या. साध्या आहेत, आणि यातली एकही नवीन शोध लावल्यासारखी नाही.

खरेदी केलेली प्रत्येक बॅच वाटपाआधी तपासा. तामिळनाडूचं वैद्यकीय सेवा महामंडळ गेली कित्येक वर्षं हेच करतं. गोदामात आलेल्या मालाचे नमुने काढतात, त्यावरचं कंपनीचं नाव झाकून सांकेतिक क्रमांक घालतात आणि प्रयोगशाळेला पाठवतात. पास झाल्याशिवाय माल दवाखान्यात जात नाही. आपल्याकडे 2023 च्या कायद्यानं वैद्यकीय वस्तू खरेदीचं स्वतंत्र प्राधिकरण आलं आहे. त्याच्याकडून लोकांना पहिली अपेक्षा ही आहे. स्थानिक पातळीवर केलेल्या खरेदीलाही हीच अट लावा, कारण घाईच्या खरेदीतूनच नको तो माल आत शिरतो.

साठ दिवसांची मुदत पाळा. नापास अहवाल आला की त्याच दिवशी फोनवर वापर थांबवा, टपालाची वाट पाहू नका. आणि तो अहवाल बॅच नंबरसह, कोणकोणत्या दवाखान्यांत माल गेला त्यासह, मराठीत संकेतस्थळावर टाका.

ज्या रुग्णांना ती बॅच दिली गेली त्यांना कळवा. ही मागणी मी सगळ्यात आग्रहानं करते. केसपेपरवर नाव असतं, गाव असतं, मोबाइल नंबर असतो. आशा ताई प्रत्येक गावात आहेत. बोलवा त्यांना, पुन्हा तपासा, चुकीचं औषध दिलं गेलं असं तोंडावर सांगा. शिल्लक साठा कळवा असं विचारणारं पत्र निघतं, तसं वाटलेला साठा कुणाकुणाला गेला हे विचारणारं पत्र का निघत नाही?

ऑगस्ट 2023 पासून बाजारातल्या निवडक 300 ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. सरकारी पुरवठ्याच्या पट्टीवरही तो घाला, म्हणजे शेजारच्या सुनेला माझ्याकडे यावं लागणार नाही.

कायद्याच्या कलम 26 नुसार कोणताही ग्राहक फी भरून औषध तपासून घेऊ शकतो. हा हक्क 1940 च्या कायद्यात आहे आणि गावात तो कुणालाही माहीत नाही. तालुक्याच्या ठिकाणी त्यासाठी खिडकी उघडा, दवाखान्याच्या दारात मंत्र्यांचे फोटो लागतात तिथे या हक्काचाही एक फलक लावा.

आणि कळमेश्वर व अंबाजोगाईच्या प्रकरणांत माल स्वीकारणाऱ्या आणि देयकं मंजूर करणाऱ्या साखळीत कोण कोण होतं, त्यांच्यावर काय कारवाई झाली, हे सभागृहात सांगा. खालच्या एखाद्या औषध निर्माण अधिकाऱ्याला निलंबित करून हा विषय मिटवू नका. त्याच्या हातात फक्त मोजणं असतं.

शेजारच्या सुनेला मी त्या दिवशी सांगितलं की गोळ्या बंद करू नकोस, ताप रोज मोजून लिहून ठेव, तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर परत दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना तो कागद दाखव. ताप उतरला. त्या दहा गोळ्या चांगल्या असाव्यात. पण चांगल्या आहेत हे कळायला सासऱ्यांच्या अंगावरच प्रयोग करावा लागला.

रिकामी पट्टी मी मागून घेतली आहे. बॅच नंबर स्पष्ट वाचता येतो. ही बॅच वाटपाआधी तपासली होती का, आणि अहवाल काय होता, हे कोणत्या कार्यालयात, कोणत्या टेबलावर विचारायचं, तेवढं लेखी कळवावं.

आपली,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी,
नागपूर जिल्हा